लाकडी भिंत कोणाच्या हवामानासाठी?

युरोपीय संघाने इमारतींच्या ऊर्जा-कार्यक्षमतेविषयीचा आपला निर्देश २०२४ साली सुधारला. सार्वजनिक मालकीच्या नव्या इमारती २०२८ पासून आणि सर्वच नव्या इमारती २०३० पासून शून्य-उत्सर्जनाच्या असाव्यात, असे हा निर्देश सांगतो. त्याला आपापल्या कायद्यांत स्थान देण्यासाठी सदस्य देशांना २९ मे २०२६ ही मुदत देण्यात आली. याच निर्देशातील दुसरे एक कलम तितकेच दूरगामी आहे. घरात राहताना किती ऊर्जा खर्च होते एवढेच सांगून आता भागणार नाही. ते घर उभारताना वापरलेल्या सिमेंट, पोलाद आणि विटांपायी किती कार्बन हवेत गेला, याचाही हिशेब टप्प्याटप्प्याने जाहीर करावा लागेल. फ्रान्स आणि स्वीडन यांनी २०२२ पासूनच आपल्या परीने हा हिशेब मागायला सुरुवात केली होती. या दोन्ही अटी एकदम पुऱ्या करू शकणारी जी थोडी बांधकामे आहेत, त्यांत लाकडी चौकटीची, पोटात उष्णतारोधक भरण असलेली भिंत अग्रभागी आहे. स्वीडनमधील बहुसंख्य एककुटुंबी घरे अशाच भिंतींची आहेत.

युरोपातील ही हवा आता भारतातही येऊ लागली आहे. कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून येणारे आणि काही दिवसांत उभे राहणारे लाकडी घर ‘हरित’, ‘शाश्वत’, ‘ऊर्जाबचत करणारे’ अशा विशेषणांसह विकले जाते. गोव्याचे डोंगरउतार आणि पश्चिम घाटातील पर्यटनस्थळे ही त्याची स्वाभाविक बाजारपेठ. विशेषणे खोटी आहेत असे म्हणता येत नाही. ती ज्या हवामानात खरी ठरली, ते हवामान मात्र सोबत येत नाही, आणि मुद्दा तिथेच आहे.

या भिंतीची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे बोलणे पोकळ ठरेल. ठरावीक अंतरावर लाकडी खांबुल्या उभ्या करून चौकट तयार होते. खांबुल्यांमधील पोकळीत काचतंतू, खनिजलोकर, लाकडाच्या तंतूंचे थर किंवा जुन्या वर्तमानपत्रांपासून केलेला सेल्युलोज भरला जातो. आतल्या बाजूला, भरणाला लागून, बाष्प अडवणारा पडदा आणि त्यावर जिप्समची फळी असते. बाहेरच्या बाजूला वारा अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पदर, मग हवा खेळण्यासाठी सोडलेली फट, आणि शेवटी पाऊस झेलणारे आवरण. लाकूड स्वतः बरे उष्णतारोधक आहे, तरी या भिंतीची खरी ऊब लाकडात नसून भरणात अडकून पडलेल्या स्थिर हवेत असते. लाकडाचे काम भार पेलण्याचे. काँक्रीटच्या खांबापेक्षा ते उष्णता कितीतरी कमी वाहून नेते, एवढा त्याचा आणखी एक गुण.

भिंतीतून किती उष्णता निसटते हे यू-मूल्याने मोजतात. आतबाहेर एका अंशाचा फरक असताना भिंतीच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट पलीकडे जातात, ते हे मूल्य सांगते. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीचे यू-मूल्य साधारण २ असते. नीट बांधलेल्या, भरणयुक्त लाकडी भिंतीचे ०.२ किंवा त्याहूनही कमी. म्हणजे दहापट फरक. जाहिरातीत हाच आकडा असतो आणि तो खराही असतो. मात्र हा गुणक आहे. तो कशाला गुणायचा हे हवामान ठरवते. बाहेर उणे १० अंश आणि आत २० अंश असताना विटांची भिंत दर चौरस मीटरला ६० वॅट गमावते, लाकडी भिंत ६. बचत ५४ वॅटची, तीही दिवसरात्र आणि वर्षातले कित्येक महिने. आता पणजीतील वातानुकूलित खोली घ्या. बाहेर ३३, आत २५. विटांच्या भिंतीतून १६ वॅट आत येतात, लाकडीतून दीड-पावणेदोन. बचत चौदा-साडेचौदा वॅटची, आणि तीही यंत्र चालू असेल त्या तासांपुरती. खोलीत यंत्रच नसेल आणि खिडक्या उघड्या असतील, तर आतबाहेरचा फरक जवळपास संपतो आणि त्याबरोबर बचतही. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडते तेव्हा तिचा पृष्ठभाग हवेपेक्षा बराच तापतो हे खरे; परंतु ते ऊन पडवीने, झाडाने किंवा पुढे आलेल्या छपराने अडवणे अधिक स्वस्त आहे.

उष्णतेचे गणित असे उणे-अधिक करून सुटते. ओलाव्याच्या गणितात मात्र चूक झाली तर भिंतच कुजते, आणि याचा धडा जगाने मोठी किंमत देऊन घेतला आहे.

न्यूझीलंड हा लाकडी घरांचाच देश. तेथे १९९१ च्या कायद्याने बांधकाम-नियम सैल झाले. काय वापरावे हे सांगण्याऐवजी काय साधावे एवढेच नियमांत उरले. १९९८ पासून भिंतीच्या चौकटीत बुरशीरोधक प्रक्रिया न केलेले, फक्त भट्टीत वाळवलेले पाईन चालू लागले. त्याच सुमारास भूमध्य सागराकाठच्या घरांची फॅशन आली. सपाट छपरे, छज्जे नाहीत, लाकडी चौकटीवर थेट गिलाव्यासारखे एकसंध आवरण. गिलाव्याला बारीक चिरा पडल्या, खिडक्यांच्या कडांतून पावसाचे पाणी आत शिरले. जुन्या भिंतीत ते वाहून गेले असते किंवा वाळले असते. येथे आवरणामागे फट नव्हती, पोकळीत लोकर भरलेली होती आणि लाकडाला कसलेही संरक्षण नव्हते. बाहेरून नवीकोरी दिसणारी घरे आतून कुजत गेली. २००२ साली सरकारला चौकशी गट नेमावा लागला आणि घरमालकांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. २००४ मध्ये बांधकाम कायदाच बदलला आणि प्रक्रिया केलेले लाकूड पुन्हा सक्तीचे झाले. २००९ मधील एका अधिकृत अंदाजानुसार सुमारे ४२ हजार घरे बाधित होती आणि दुरुस्तीचा एकूण खर्च ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलरच्या घरात जात होता. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा गोव्याच्या तिप्पटही नव्हती, हे लक्षात घेतले तर आकड्याचे वजन कळते.

हा अपवाद नव्हता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गळक्या सदनिकांचा प्रश्न इतका चिघळला की १९९८ साली चौकशी आयोग बसवावा लागला. लाकडी घरांच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या स्वीडनमध्येही लाकडी चौकटीवर थेट गिलावा केलेल्या हजारो घरांत ओल अडकली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिन्ही ठिकाणी सुतार कुशल होते, लाकूड ओळखीचे होते, नियम लिखित होते. तिन्ही ठिकाणी चूक एकच होती. पाणी आत येणारच हे गृहीत धरून त्याला बाहेर जाण्याची वाट ठेवलेली नव्हती.

यापुढचा प्रश्न कोकणपट्टीचा. थंड देशांत घराच्या आत ऊब आणि दमटपणा असतो, बाहेर गारठा आणि कोरडी हवा. वाफेचा ओघ आतून बाहेर. म्हणून बाष्प अडवणारा पडदा भिंतीच्या आतल्या अंगाला लावतात, म्हणजे खोलीतील वाफ भरणात शिरून थंड भागात तिचे पाणी होत नाही. गोव्यात जुलै महिन्यात हे चित्र नेमके उलटते. बाहेरची हवा २७ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असते आणि तिचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. आत यंत्र २४ अंशांवर चालू असेल, तर वाफ बाहेरून आत निघते, लोकरीतून वाट काढत आतल्या पडद्यापाशी पोहोचते आणि तेथे थंड प्लास्टिकवर तिचे पाणी होते. स्टॉकहोममध्ये भिंतीचे रक्षण करणारा पडदाच येथे भिंतीत पाणी साठवणारा ठरतो. खोलीच्या बाजूने काहीच दिसत नाही. जिप्समवर डाग उमटेपर्यंत मागचे लाकूड बुरशीच्या स्वाधीन झालेले असते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या पलीकडे फार काळ राहिले की बुरशीला आमंत्रण मिळते, आणि कोकणातल्या चार महिन्यांत हा उंबरठा फार दूर नसतो.

वाळवीचा उल्लेखही करायलाच हवा, कारण युरोपातील बहुतेक माहितीपत्रकांत तो नसतो. उबदार, ओलसर, अंधारी आणि कधीही न उघडली जाणारी पोकळी म्हणजे वाळवीला हवे ते सारे. यावर उपाय नाही असे नाही. दाबाखाली रसायन मुरवलेले लाकूड, जमिनीपासून उचललेले जोते, पडद्याऐवजी वाफ दोन्हीकडे जाऊ देणारे थर, आवरणामागे फट, तीन-चार फूट पुढे आलेले छप्पर. या सर्व अटी पाळून कोकणातही लाकडी घर टिकवता येते. पण मग ते आयात केलेल्या आराखड्याचे घर राहत नाही, त्याची किंमतही तीच राहत नाही, आणि खरेदीदाराला दाखवलेला ऊर्जाबचतीचा तक्ता तर मुळीच राहत नाही.

या भागातील जुन्या बांधकामाने लाकूड आणि भिंत यांची फारकत केली होती, ती काही अज्ञानातून नव्हे. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर साग, फणस किंवा ऐन यांचे वासे, त्यावर रिपा आणि मंगलोरी कौले. लाकूड जिथे वारा लागतो, डोळ्यांना दिसते आणि सहज बदलता येते तिथेच वापरले. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई, आणि पाऊस भिंतीला शिवू नये म्हणून पाखी पुढे काढलेली असे. घरासमोरचा सोपा हा बसण्याचा असतो तितकाच भिंत सावलीत ठेवण्याचा. मे महिन्यात सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि मध्यान्ही छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन कोसळते. त्यामुळे या अक्षांशावर उष्णतेचा पहिला दरवाजा छप्पर आहे, भिंत नव्हे. कौलारू घर पाडून त्या जागी उघड्या स्लॅबचे घर बांधणाऱ्याला स्लॅबवर उष्णतारोधक थर घातल्याने जो दिलासा मिळेल, तो कोणत्याही लाकडी भिंतीने मिळणार नाही. काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या बंगल्याला तर भिंतीचे यू-मूल्य सांगणे व्यर्थच. एकपदरी काचेचे मूल्य साडेपाचच्या पुढे असते.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’च्या पहिल्या भागात हेच शहाणपण आकड्यांत उतरलेले दिसते. उष्ण-दमट विभागातील घरांत उघडता येणाऱ्या खिडक्यादारांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे, असे ती सांगते. थंड विभागासाठी हे प्रमाण एक द्वादशांश आहे. किनारपट्टीला वारा हवा, डोंगराला ऊब, एवढे संहितेने ओळखले. पण भिंतीतील ओलाव्याची कसोटी तिच्या मूल्यांकनात नाही, आणि बांधकाम साहित्याचा कार्बनही नाही. मोजमाप फक्त उष्णतेचे. त्यामुळे कागदावर उत्तम गुण मिळवणारी भिंत प्रत्यक्षात कुजणारी असू शकते आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी नियमबद्ध ठरू शकतात.

याच संहितेची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. भारतात लाकडी, उष्णतारोधक भिंतीला खरोखर जागा कुठे असेल तर ती हिमालयात. तेथे हिवाळा लांब, हवा तुलनेने कोरडी, वाफेचा ओघ युरोपसारखाच आतून बाहेर. अशा थंड विभागासाठी संहितेने छप्पर वगळता बाह्य आवरणाचे, म्हणजे भिंती आणि खिडक्या मिळून, कमाल सरासरी यू-मूल्य १.८ ठरवले. जर्मनीच्या कायद्यात नव्या घराच्या बाह्य भिंतीसाठी धरलेले संदर्भमूल्य ०.२८ आहे. खिडक्यांचा वाटा धरूनही भारताचा थंडीसाठीचा निकष बराच सैल. आणि तोही मुळात ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामांपुरता. कुल्लू किंवा किन्नौरमधील चार खोल्यांचे घर त्याच्या कक्षेत येतच नाही. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने निवासी इमारतींना कायद्याखाली आणले खरे, पण किमान १०० किलोवॅट जोडभाराची अट ठेवून.

विरोधाभास असा की ज्या प्रदेशाला हा निकष सैल पडतो, त्या प्रदेशाला लाकडी भिंत शिकवण्याची गरज नाही. हिमाचलात काठ-कुणी पद्धतीची घरे शतकानुशतके बांधली गेली. देवदाराच्या तुळया आणि कोरडे दगड यांचे एकाआड एक थर, कोपऱ्यांत लाकडाची गुंफण, मध्ये दगडचुरीची भर. चुना नाही, सिमेंट नाही. खाली गुरे, वर फळ्यांनी मढवलेली निवासाची खोली, छोट्या खिडक्या. १९०५ च्या कांगडा भूकंपात हजारो माणसे दगावली, पण नग्गरचा याच पद्धतीचा वाडा उभा राहिला. काश्मीरच्या धज्जी-दीवारीत लाकडी चौकटीचे लहान-लहान कप्पे माती-दगडाने भरतात. २००५ च्या भूकंपानंतर नियंत्रण रेषेपलीकडील पुनर्बांधणीत या पद्धतीला अधिकृत मान्यता द्यावी लागली. या जुन्या भिंतींचे गुणगान करताना एक भान ठेवले पाहिजे. आधुनिक अर्थाने त्या फारशा उष्णतारोधक नाहीत. दगडातून उष्णता जातेच. मात्र चौकट हाताशी आहे, कारागीर अजून आहेत, आणि कप्प्यांत दगडचुरीऐवजी लोकर, लाकूडतंतू किंवा भुसा-मातीचे हलके मिश्रण भरणे ही मोठी झेप नाही. युरोपची भिंत ज्या सुधारणांनी घडली, त्यांतील निम्मे काम येथे आधीच झालेले आहे.

प्रत्यक्षात डोंगरात बांधले जाते ते काँक्रीट आणि नऊ इंची वीट. याचे कारण केवळ फॅशन नाही. उत्तर प्रदेशच्या डोंगराळ भागात, म्हणजे आजच्या उत्तराखंडात, १९८१ पासून हजार मीटरवरील व्यापारी वृक्षतोड थांबवण्यात आली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या इमारतींत लाकडाचा वापर बंद केला. डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील जंगलतोडीवर कठोर निर्बंध घातले. तिन्ही निर्णय त्या-त्या वेळी आवश्यक होते; जंगले खरोखरच उजाड होत होती. पण जंगल वाचवताना लागवडीचे लाकूड आणि जंगलाचे लाकूड यांतील भेद पुसला गेला. सरकारी दरपत्रकांतून लाकूड मागे पडले, अभियंत्यांना त्याची सवय राहिली नाही, आणि जागा ज्याने भरून काढली त्या सिमेंटचा जगाच्या कार्बन-उत्सर्जनातील वाटा सात-आठ टक्के आहे. बांधकाम विभागाने ही बंदी २०२० मध्ये उठवली. मध्ये सत्तावीस वर्षे गेली होती. १ जानेवारी २०२१ रोजी नव्या बांधकाम तंत्रांचे देशव्यापी प्रयोग सुरू झाले, तेव्हा इंदूरला १,०२४ घरांसाठी तयार सँडविच पॅनेल मिळाले, आगरतळ्याला हलक्या पोलादाची चौकट मिळाली. सहा शहरांतील सहा तंत्रांत लाकडी चौकटीची भिंत एकही नव्हती.

बंदी उठली म्हणून लाकूड उपलब्ध झाले असेही नाही. बांधकामाला चालेल असे वाळवलेले, प्रतवारी केलेले, रसायन मुरवलेले देशी लाकूड मोठ्या प्रमाणावर मिळत नसेल, तर कारखान्यातील तयार घरे कॅनडा किंवा युरोपच्या पाईनवरच उभी राहणार. झाडाने शोषलेला कार्बन भिंतीत साठून राहतो हा युक्तिवाद रास्त आहे. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बनच असतो. पण ते लाकूड अर्धी पृथ्वी ओलांडून यायचे आणि दमट भिंतीत पंधरा वर्षांत कुजायचे असेल, तर त्या साठ्याला अर्थ उरत नाही. दांडेलीच्या सागाची ओळख बेळगाव-गोव्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण साग हे दारे-खिडक्यांचे आणि मानाच्या खांबांचे लाकूड. भिंतीच्या चौकटीला हवे ते स्वस्त, लवकर वाढणारे, शेतबांधावरचे लाकूड, आणि त्याची व्यवस्था कोणी लावलेली नाही.

डोंगरात याची किंमत रोजच्या रोज मोजली जाते. काँक्रीटच्या थंड खोलीत तंदूर पेटवावा लागतो आणि त्यात जळते ते लाकूडच. भिंतीत घातलेले लाकूड शंभर वर्षे टिकले असते. तंदुरातले एका संध्याकाळीत संपते. ते गोळा करण्याचे श्रम बहुतांशी बायकांच्या वाट्याला येतात, आणि बंद खोलीतील धूरही.

२०२३ च्या पावसाळ्यात हिमाचलात दरडी कोसळल्या, कुल्लू जिल्ह्यातील आनी येथे बहुमजली काँक्रीट इमारती पत्त्यांसारख्या खाली येताना देशाने पाहिल्या. त्यानंतर राज्य सरकारने पूर्णपणे नष्ट झालेल्या घरांसाठीची मदत १ लाख ३० हजारांवरून ७ लाख रुपयांवर नेली. अडचणीतील राज्याने केलेला हा खर्च लहान नव्हता. त्या मदतीबरोबर घर पुन्हा बांधणाऱ्यांना वीज आणि पाण्याची जोडणी मोफत देण्याचे ठरले, आणि सरकारी दराने सिमेंट.